अंथरूण पाहून पाय

‘पाय कसा आहे?’ असं लेकीने विचारलं तेव्हा माझे दोन्ही हात मनगटापर्यंत बटर आणि पिठाने माखले होते. करंगळीने जमेल तसं उत्तर टाकलं: ‘मोडला. तीन तुकडे झाले.’ ते गेलं नेमकं घरातल्या सगळ्यांच्या ग्रुपवर. पाच मिनिटांत धाकट्या भावाचा फोन. ‘कुठे पडलीस? एक्सरे काढला का? हलू नकोस, मी निघालोच.’

मराठीत पाय करायला घेतला की एवढं सोसावं लागतं. खाली पारी, वर पारी, मध्ये फळांचं सारण आणि सगळं ओव्हनमध्ये भाजायचं. या पदार्थासाठी आपण इंग्रजीतला ‘pie’ हा परका शब्द उचलला आणि तो लिहायला गेलं की थेट अवयव होतो. पाय लाटला, पाय भाजला, पाय कापला, पाय वाटून खाल्ला. खुलासा झाल्यावर भाऊ अर्ध्या वाटेतून मागे फिरला, पण फिरताना म्हणाला, ‘उद्या नीट जमला तर मला गुडघ्याकडचा तुकडा ठेव.’

उद्या म्हणजे रविवार, आणि जेवायला सोळा माणसं.

सोळा जणांसाठी सोळा छोटे पाय करणं शहाणपणाचं, हे मला आधीपासून ठाऊक होतं. छोटे पाय सरळ वागतात. पारी तळहाताएवढी, उचलायला सोपी, भाजतात लवकर, एखादा बिघडला तर कुणाला न दाखवता उभ्या उभ्या खाऊन टाकता येतो. पण माळ्यावर एक ३२ सेंटिमीटरचा साचा गेली दहा वर्षं पडून होता. घर बदलून जाताना शेजारच्या काकूंनी ‘तुला उपयोगी पडेल’ म्हणून हातात दिला आणि मी एकदाही वापरला नाही. दर साफसफाईला तो दिसायचा आणि दर वेळी मला थोडं अपराधी वाटायचं. शिवाय एकच मोठा पाय असला की कुणीतरी सुरी हातात घेतं, बाकीचे भोवती जमतात, कुणाच्या वाट्याला किती आलं ते तिरक्या नजरेने बघतात, कडेचा तुकडा कुणाचा यावरून कुरबुर होते. सोळा छोट्या पायांत ती मजा नाही. प्रत्येक जण आपापला उचलतो आणि कोपऱ्यात जाऊन बसतो.

माझा नेहमीचा साचा २३ सेंटिमीटरचा. ३२ म्हणजे काय, नऊच सेंटिमीटर जास्त, वीतभरही नाही. असं मनाशी म्हणत मी सगळं साहित्य दीडपट मोजायला घेतलं आणि तेवढ्यात शाळेतलं वर्तुळ आठवलं. क्षेत्रफळ वाढतं ते व्यासाच्या वर्गाने. २३चा वर्ग ५२९, ३२चा १०२४. म्हणजे जवळजवळ दुप्पट. फळं दुप्पट, पीठ दुप्पट, सुटणारा रस दुप्पट. ओव्हन मात्र तोच आणि हातही तेच दोन. नऊ सेंटिमीटरच्या भुलाव्यात मी किती फसणार होते! अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात, पण अंथरूण भलतंच मोठं मिळालं तर काय करायचं, हे ती म्हण सांगत नाही.

मोठ्या पायाची हौस माझ्या एकटीची नाही, एवढाच दिलासा. इंग्लंडमध्ये यॉर्कशर भागात डेन्बी डेल नावाचं गाव आहे. तिथे १७८८ पासून खास प्रसंगी अवाढव्य पाय करतात. पहिला केला तो राजा तिसरा जॉर्ज आजारातून बरा झाला म्हणून. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या पन्नाशीसाठी केला, तर कापताच असा वास सुटला की लोक मागे सरकले. आतलं मांस नासलं होतं. शेवटी तो पाय कळीचा चुना टाकून जमिनीत पुरावा लागला. त्यानंतर काही दिवसांतच गावातल्या बायकांनी दुसरा पाय करून लोकांना खाऊ घातला. मला त्या दुसऱ्या पायाचं जास्त कौतुक वाटतं. माझ्या पायात मांस नव्हतं, त्यामुळे पुरण्यापर्यंत वेळ येणार नव्हती. पण मोठ्या भांड्यात ऊब आत शिरायला आणि बाहेर पडायला फार वेळ घेते आणि घोटाळा तिथेच होतो, हे मी त्या गावाकडून आधीच शिकून घ्यायला हवं होतं.

आता पिठाकडे येते, कारण खरा गोंधळ तिथला.

एका मैत्रिणीने दोन किलो आइनकॉर्नचं पीठ आणून दिलं होतं. जर्मनमध्ये ‘आइनकॉर्न’ म्हणजे एक दाणा. ओंबीतल्या बहुतेक कणसुल्यांत, म्हणजे दाणा धरणाऱ्या छोट्या घरांत, एकेकच दाणा भरतो म्हणून. गव्हाच्या खानदानातला हा सगळ्यात साधा गहू. याच्यात गुणसूत्रं १४, खपलीत २८, नेहमीच्या गव्हात ४२. पिठाचा रंग फिकट पिवळसर, हळदीचं बोट लागल्यासारखा. तो ल्युटीन नावाच्या पिवळ्या रंगद्रव्यामुळे येतो आणि या गव्हात ते चांगलंच असतं. बोटांच्या चिमटीत पीठ मऊ लागतं, जवळजवळ रेशमी. वास घेतला तर सुक्या गवताचा आणि किंचित बदामासारखा.

पाकिटावर मोठ्या अक्षरांत ‘प्राचीन धान्य’ असं छापलं होतं. या शब्दाशी माझं जरा वाकडंच आहे. पाकिटातला दाणा गेल्या एक-दोन हंगामांतला असतो, प्राचीन असतो तो त्याचा वंश. आणि वंश म्हटला तर कुणाचा प्राचीन नाही? इजिप्तच्या थडग्यात सापडलेला गहू पेरला आणि तो तरारून उगवला, ही कथा एकोणिसाव्या शतकापासून फिरते आहे आणि अजून थकत नाही. गव्हाच्या दाण्याची उगवण्याची ताकद साध्या कोठारात काही वर्षांत, फार तर काही दशकांत संपते. हजारो वर्षं टिकत नाही. आणि हे पीठ खाताना आजच्या गव्हाला नावं ठेवणंही मला जमणार नाही. बुटक्या, न लोळणाऱ्या वाणांनी १९६०च्या दशकात कोट्यवधी लोकांच्या ताटात अन्न आणलं. त्या कामासाठी अमेरिकन कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांना १९७०चं नोबेल मिळालं, तेही शांततेचं. जुनं ते पवित्र आणि नवं ते विष, अशी विभागणी मला कधी पटली नाही. आणखी एक गोष्ट सांगून टाकते, कारण यात फसगत होते: आइनकॉर्नमध्येही ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, असतंच. ज्यांना सिलिॲकचा, म्हणजे ग्लुटेन न सोसण्याचा, त्रास आहे त्यांनी हे पीठही खायचं नाही, कितीही प्राचीन असलं तरी.

एवढं तोंडसुख घेतल्यावर कबूल करते, की पारीचा गोळा फ्रीजमध्ये ठेवला आणि या गव्हाबद्दल वाचत बसले, तर तासभर उठले नाही.

तुर्कस्तानच्या आग्नेय भागात कराजादाग नावाचा डोंगर आहे. जगभरच्या आइनकॉर्नची जनुकं तपासून १९९७ साली संशोधकांनी सांगितलं, की माणसाने लावलेल्या आइनकॉर्नशी सगळ्यात जवळचं नातं या डोंगरावरच्या रानटी गव्हाचं आहे. साधारण दहा हजार वर्षांपूर्वीची गोष्ट. रानटी आणि लावलेल्या गव्हातला मुख्य फरक इतका बारीक, की वाचून मला हसू आलं. रानटी ओंबी पिकली की आपसूक विस्कटते आणि दाणे जमिनीवर झडतात. झाडाला तेच हवं असतं. लावलेल्या गव्हाची ओंबी पिकूनही धरून राहते, म्हणून तिची कापणी करता येते. ओंबीचा दांडा मोडतो की नाही, एवढ्याशा गोष्टीवर शेती उभी राहिली. माझ्या घरात त्या दिवशी मोडण्या-न-मोडण्याचाच विषय चालणार होता, पण ते मला अजून कळायचं होतं.

आल्प्सच्या बर्फात १९९१च्या सप्टेंबरमध्ये सापडलेला तो सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा माणूस, ओत्झी, त्याच्याही पोटात हा गहू निघाला. शेवटचं जेवण डोंगरी बोकडाचं आणि हरणाचं मांस, आणि सोबत आइनकॉर्न. आणि १९६६ साली जॅक हार्लन नावाच्या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने तुर्कस्तानात जाऊन रानटी आइनकॉर्न स्वतः गोळा करून पाहिला, आधी नुसत्या हाताने, मग चकमकीच्या दगडाचं पातं बसवलेल्या विळ्याने. तासाला साधारण किलोभर स्वच्छ दाणा निघेल, असा हिशेब त्याने मांडला. पीक पिकायच्या तीन आठवड्यांत एक कुटुंब वर्षभर पुरून उरेल एवढं धान्य जमवू शकलं असतं. माझ्या पायाला लागणार होतं ४८० ग्रॅम पीठ. म्हणजे त्या उतारावरचं अर्ध्या तासाचं काम. दळण आणि तूस काढणं वेगळं, आणि तेच खरं जिकिरीचं. या गव्हाचं तूस दाण्याला घट्ट धरून असतं, नुसत्या मळणीने सुटत नाही.

तर गोळा. पारीचं साधं गणित वजनाने तीन-दोन-एक: तीन भाग पीठ, दोन भाग बटर, एक भाग पाणी. ४८० ग्रॅम पीठ, ३२० ग्रॅम थंडगार बटर, १६० मिलिलिटर बर्फाचं पाणी. बटरचे तुकडे पिठात चोळायचे, पण एकजीव करायचे नाहीत. वाटाण्याएवढे, चपटे तुकडे राहू द्यायचे. बटरमध्ये साधारण सहावा हिस्सा पाणी असतं. ओव्हनच्या आचेत त्या पाण्याची वाफ होते, ती वाफ पारीला आतून उचलते, त्यातून पापुद्रे सुटतात. बटर आधीच वितळून पिठात जिरलं तर वाफेला जागा राहत नाही. आणि बटर वितळतं ३२ ते ३५ अंशांच्या आसपास, म्हणजे माझा तळहात त्याच्या दृष्टीने चूलच. बोटांच्या टोकांनी काम करायचं आणि मध्येच हात बर्फाच्या पाण्यात बुडवायचे.

इथपर्यंत मी शहाण्यासारखी वागले. मग पाणी घातलं. शंभर मिलिलिटर घातल्यावरही पीठ कोरडंठक्क दिसत होतं, भगरा नुसता. म्हणून राहिलेलं साठही ओतलं. आइनकॉर्न पाणी कमी पितं आणि जे पितं तेही रमतगमत. वीस मिनिटांनी बघते तर त्याच भगऱ्याचा चिकट गारा झालेला. आणि मग मी ती चूक केली जी कणीक बिघडली की कुणीही करेल. मळायला लागले. चाळीस वर्षांची हाताची सवय. कणीक चिकटते आहे? तिंब. सैल वाटते आहे? अजून तिंब. नेहमीच्या गव्हाला ते लागू पडतं, कारण मळताना त्यातल्या ग्लुटेनचं जाळं विणलं जातं आणि कणीक हाताला परत ढकलायला लागते. ग्लुटेनमध्ये दोन भिडू असतात. ग्लुटेनिन ताणलं की मागे खेचतं, ग्लायाडिन ओघळतं आणि चिकटतं. आइनकॉर्नमध्ये ग्लायाडिनचा भरणा फार आणि ग्लुटेनिन बेताचं. पाव उंच फुगवायला लागणारी ताकद नेहमीच्या गव्हाला बरीचशी एका रानगवताकडून मिळाली. तो संकर खूप नंतर झाला, त्याचा आइनकॉर्नशी संबंध आलाच नाही. त्यामुळे या पिठाला तुम्ही मळत राहिलात तर ते लवचीक होत नाही, फक्त हाताला आणखी चिकटतं. मी मळत होते आणि ते अंगठ्यापासून मनगटाकडे चढत होतं.

तासभर गारठवून लाटायला घेतलं, तेव्हा मात्र सुख वाटलं. नेहमीची पारी लाटताना मागे पळते. तुम्ही लाटता आणि ती आक्रसते. ही आक्रसली नाही. लाटणं जिथे गेलं तिथे गेली आणि तिथेच राहिली. पीठ भुरभुरवत भुरभुरवत चाळीस सेंटिमीटरचं वर्तुळ झालं, साच्याच्या कडा धरून. मी खूश. तो पिवळसर मोठा चंद्र ओट्यावर पसरलेला बघत दोन मिनिटं नुसती उभी राहिले.

मग लाटण्यावर गुंडाळून उचलला. पहिली गुंडाळी आली. दुसरी आली. तिसऱ्याला लाटण्याखाली एक रेष उमटली, केसाएवढी. ती थांबली असं वाटलं. मी श्वास रोखून साच्याकडे अर्धं पाऊल टाकलं, आणि रेष एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अलगद, जराही आवाज न करता, उलगडत गेली. ओल्या वाळूचा किल्ला लाटेने बसावा तसं. एक तुकडा साच्यात, एक ओट्यावर, एक लाटण्याला लोंबकळत. ‘मोडला. तीन तुकडे झाले.’

ताई आदल्या दिवशीच राहायला आली होती. ती खुर्चीत बसून सफरचंदं सोलत होती. तिने वर पाहिलं, आणि सोलणं न थांबवता म्हणाली, ‘चव बघितलीस का कच्चीची?’

‘ताई, आत्ता?’

‘अगं बघ तरी. कसं विरघळतं तोंडात.’

मी बघितली. खरंच विरघळत होतं. आणि तिथे उभ्या उभ्या, त्या लोंबकळणाऱ्या तुकड्याकडे बघताना, इतकी वर्षं पारी करूनही न सुचलेली गोष्ट डोक्यात आली. जे दाताखाली अलगद मोडतं ते हातातही मोडणारच. पाय खुसखुशीत व्हावा म्हणून आपण सगळे उपाय करतो ते ग्लुटेन दुबळं ठेवायचेच असतात. पीठ बटरने माखायचं, पाणी बेताने घालायचं, कमी हाताळायचं, थंड ठेवायचं. आइनकॉर्न घरूनच ते सगळं करून आलेलं. पावासाठी जो दोष, तोच इथे गुण. अडचण फक्त एवढीच की मला ते उचलायचं होतं, आणि तेही ३२ सेंटिमीटरच्या साच्यात. छोट्या पायात हे पीठ कुणालाही जिंकून देईल. मोठ्या पायात ते स्वतःच्या वजनानेच हरतं.

ताईला मी हे सगळं समजावून सांगितलं, ग्लायाडिनसकट. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘मग उचलतेस कशाला?’

ताईने आयुष्यभर शिवणकाम केलं. कापड पुरत नाही, ही तिच्या लेखी अडचणच नव्हती, रोजचंच होतं. तिने हात धुतले, तिन्ही तुकडे ताटलीत घालून परत फ्रीजमध्ये ठेवायला लावले, आणि अर्ध्या तासाने कामाला बसली. साच्यात एकेक तुकडा ठेवायचा. जोड येईल तिथे कड ओल्या बोटाने पुसायची, वरचा तुकडा एक बोटभर आत घ्यायचा आणि अंगठ्याने सरकवत न्यायचं, दाबायचं नाही, सरकवायचं. मी टोकाला टोक भिडवून जोडायला गेले तर तिने माझा हात बाजूला केला. ‘शिवण टोकावर कधी टिकत नाही. आत घे.’ कडेवर पारी कमी पडली तिथे तिने छोटी ठिगळं लावली. नेहमीच्या पिठाने ठिगळ ओढून घेतलं असतं, आक्रसलं असतं, भाजताना जोड उघडला असता. हे पीठ मागे खेचतच नाही. जिथे लावाल तिथे बसतं. ज्या दुबळेपणाने पारी मोडली होती त्यानेच ती आता मुकाट जोडून घेत होती.

वरच्या झाकणाचं काय, हा प्रश्न तिने विचारूही दिला नाही. उरलेली पारी कागदावर लाटली, वाटीने सात-सात सेंटिमीटरच्या चकत्या पाडल्या आणि सारण भरून झाल्यावर कडेपासून मध्याकडे कौलांसारख्या एकीवर एक रचल्या. मोठं काही उचलायचं नाही, आणि वाफ जायला कौलांमधून फटी आपोआप.

सारणात साधारण अडीच किलो फळं, दोन भाग सफरचंदं आणि एक भाग आलुबुखार. सफरचंदाच्या फोडींवर उकळतं पाणी ओतून दहा मिनिटं झाकून ठेवल्या. हा लाड वाटतो, पण कारण आहे. ६० ते ७० अंशांच्या उबेत सफरचंदातलं एक विकर पेक्टिनला, म्हणजे फळाचा गर बांधून ठेवणाऱ्या घटकाला, असं काही घट्ट करतं की पुढे तासभर भाजूनही फोड फोडच राहते, तिचा गिच्च लगदा होत नाही. आलुबुखारांना साखर लावून ठेवली, तासाभरात वाटीभर रस सुटला. तो गाळून आटवला, मधासारखा होईपर्यंत. एवढा रस कच्चा आत गेला असता तर तळाच्या पारीचं तळं झालं असतं. मग कॉर्नफ्लोअर, लिंबू, चिमूटभर मीठ, थोडी दालचिनी. दालचिनीबाबत माझं मत असं की ती आहे हे कळलं तर जास्त झाली.

भाजण्यात एकच गोष्ट महत्त्वाची वाटते: तळ. पाणी असेल तोवर पारीचं तापमान शंभराच्या वर जात नाही, आणि तांबूस रंग आणि खमंग वास येतो तो त्याच्या बराच वर, १४० अंशांच्या पुढे. म्हणून जाड लोखंडी ट्रे आधी अर्धा तास २२० अंशांवर तापवून सगळ्यात खालच्या फळीवर ठेवला आणि साचा थेट त्याच्यावर. पंचवीस मिनिटांनी आच १८० वर आणली. कड लवकर रंगायला लागली, तिला फॉइलची पट्टी लावली. लहान पायाला जिथे पन्नास मिनिटं पुरतात तिथे याला दीड तास लागला. कडेला बुडबुडे येऊ लागले आणि मला वाटलं झालाच. ताई म्हणाली, ‘मधे बघ.’ मध्यावर काहीच हालचाल नव्हती. मध्यावरच्या फटीतून जाड, संथ, चिखलासारखा बुडबुडा यायला आणखी वीस मिनिटं गेली. कॉर्नफ्लोअर घट्ट व्हायला सारण उकळीच्या जवळ जावंच लागतं. कड उकळली म्हणून मध्य शिजला असं होत नाही. मधल्या काळात एका कौलाखालून रस निसटून ट्रेवर पडला, जळला आणि घरभर धूर झाला. आम्ही दोघी खिडक्या उघडत खोकत होतो, आणि भावाचा मेसेज आला, ‘पायाला भाजलं का?’

रात्री नऊला बाहेर काढला. दोन्ही हातांनी, श्वास रोखून. साच्यासकट तीन-चार किलो तरी असेल. आलुबुखाराचा रस कौलांच्या फटींतून वर येऊन गडद लाल झाला होता, काचेसारखा. ताईच्या आठ वर्षांच्या नातवाला वास लागला आणि तो अंथरुणातून उठून आला. ‘आज्जी, एकच तुकडा.’ त्याला सांगितलं की आत्ता कापला तर सगळं वाहून जाईल, थंड होताना ते धरतं, आणि एवढ्या मोठ्याला थंड व्हायला रात्र लागेल. त्याने साच्याला हळूच बोट लावून पाहिलं, चटका बसला, आणि मग खुर्ची ओढून समोर बसून राहिला. साडेदहाला तिथेच झोपला. मी रात्री दोनदा उठून पाहून आले, तळाशी हात लावला. दोन वाजता अजून कोमट होता.

रविवारी दुपारी सुरी भावाच्या हातात होती. आठ वेळा आरपार, सोळा तुकडे. पहिला तुकडा, जगात कुठेही कुणाचाही नीट निघत नाही, तसा याचाही निघाला नाही. तो वाटीत गेला आणि नातवाने चमच्याने खाल्ला. दुसऱ्यापासून मात्र निघायला लागले. तळ खरपूस, बोटाने ठोकला तर टक् आवाज येईल इतका. वरची कौलं फुंकर मारली तर उडतील अशी. पापुद्रे म्हणावेत इतके पापुद्रे नव्हते, माझ्या जास्तीच्या पाण्याने ते घालवले. पुढच्या वेळी १२० मिलिलिटर, बास, आणि मळण्याचं नाव नाही. पण वाळूसारखी भुरभुरणारी, किंचित गोडसर, भाजलेल्या शेंगदाण्याची आठवण देणारी ती पारी मला नेहमीच्या मैद्याहून जास्त आवडली. हे प्राचीन आहे म्हणून नव्हे. आंबट आलुबुखाराशेजारी तिला स्वतःची चव होती. मैद्याची पारी अशा वेळी नुसतं भांड्याचं काम करते.

कडेच्या तुकड्यांवरून अपेक्षेप्रमाणे कुरबुर झाली. भावाने स्वतःसाठी सगळ्यात मोठा कापला आणि तो गुडघ्याकडचाच असल्याचं जाहीर केलं.

सगळे गेल्यावर साच्यात दोन तुकडे उरले होते. ताईने आणि मी ते ताटलीत घ्यायचे सोडून साच्यातूनच खाल्ले. मी माझा उलटा करून तळ बघत होते.

‘काय शोधतेस?’

‘आपला जोड. इथून गेला होता ना मोठा, आडवा?’

ताईने चष्मा लावला, तुकडा माझ्या हातातून घेतला, खिडकीकडे धरला. ‘तो नाही हा. तो जोड तिकडे होता, त्या बाजूला. भावाच्या तुकड्यात गेला.’

‘छे गं, इथेच होता. मी तर स्वतः सरकवत नेला.’

‘तू कुठे? तू टोकाला टोक लावत होतीस.’ तिने एक घास मोडून घेतला आणि उरलेला तुकडा परत दिला.